जागल्या, ठाणे आणि मोहल्ला

वाचकहो, अमरावती शहरातील दोन पोलीस ठाण्यांची नावे दरवाजांवरून पडलेली आहेत : नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट. रोजच्या येण्याजाण्यात ही नावे आपण घेतो, पण ती कोठून आली याचा विचार सहसा करीत नाही. पेंढाऱ्यांच्या धाडीपासून येथील सधन कापूस व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारच्या अमदानीत, १८०७ साली, या शहराभोवती परकोट बांधण्यास आरंभ झाला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. त्यांपैकी एका खिडकीचे नाव 'खूनारी खिडकी'. तिच्याजवळ झालेल्या मारामारीत शेकडो माणसे पडली म्हणून हे नाव पडले, असे जुन्या गॅझेटियरात सांगितले आहे. म्हणजे ज्या भिंतीने बाहेरचा पेंढारी अडवला, तिच्याच सावलीत आतली माणसे एकमेकांना भिडली. भिंतीने धाड अडते, आतला कलह अडत नाही. तो कोणी व कसा अडवावयाचा, आणि त्यात सरकारचा वाटा किती व रहिवाशांचा किती, हा प्रश्न वऱ्हाडात तेव्हापासून आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

शहराची गोष्ट निराळी, खेड्याची निराळी. खेड्याला परकोट नव्हता, तेथे जागल्या होता. पाटील, पटवारी, महार आणि जागल्या ही वऱ्हाडातील गावगाड्याची माणसे. जागल्याने रात्री गस्त घालावी, गावात आलेल्या परक्या माणसावर नजर ठेवावी, चोरी झाल्यास माग काढावा आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने आपला मोबदला घ्यावा, अशी रीत होती. पेशव्यांच्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे काम बारकाईने वर्णिले आहे. चोराच्या पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला, हे त्या गावच्या राखणदाराला पटवून दिले म्हणजे याची जबाबदारी संपे व त्याची सुरू होई. माग आपल्याच शिवेत हरवला तर चोरीस गेलेल्या मालाचा भार गावावर येई. वऱ्हाडचा गावगाडाही साधारण याच घडणीचा होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड होती. रात्रभर जागण्याचे काम ज्याच्या वाट्याला येई, त्याला दिवसा गावात मान नसे. वतनदार पाटील जुलमी निघाला तर दाद कोणाकडे मागावी हाही प्रश्नच होता. पण एक गोष्ट तिच्यात होती व ती पुढे हरवली. राखणदार गावाचा होता. त्याला कोणाचा मुलगा कोठे जातो, कोणाच्या घरी रात्री दिवा का जळतो, हे ठाऊक असे, आणि गावालाही तो ठाऊक असे. त्याची भाकर गावाच्या खळ्यावरून येई.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ चा पोलीस कायदा झाला आणि त्याच साच्यातली व्यवस्था आपल्याकडेही आली. हा साचा कोठला, हे समजून घेणे अगत्याचे आहे. १८२९ साली रॉबर्ट पीलने लंडन शहरासाठी जे पोलीस दल उभारले, त्यात शिपाई बिनहत्यारी आणि नागरिकांच्या संमतीने काम करणारा असावा अशी कल्पना होती. (पोलीस आणि जनता एकच, या अर्थाचे एक वाक्य पीलच्या नावावर सर्रास खपते. ते त्याने स्वतः लिहिल्याचा पुरावा मात्र नाही.) हिंदुस्थानात लंडनचा नमुना न आणता आयर्लंडचा आणला गेला. आयर्लंड ही जिंकलेली भूमी होती. तेथील पोलीस हत्यारबंद, छावणीत राहणारा आणि वरिष्ठांच्या हुकुमाला बांधलेला असे. रयतेला त्याने जाब देण्याची सोय त्या रचनेत नव्हती. हीच रचना सर चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये वापरली आणि १८५७ च्या उठावानंतर तिला देशव्यापी कायद्याचे रूप मिळाले. ज्या राज्याला रयतेचीच धास्ती, त्या राज्याने पोलीस रयतेपासून दूर ठेवला, यात नवल ते काय !

या रचनेचे फळ काय मिळाले, ते सरकारच्याच चौकशीत चाळीस वर्षांनी बाहेर आले. १९०२-०३ मध्ये जे पोलीस कमिशन नेमले गेले, त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे पूर्वी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्याच १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. या कमिशनने काढलेला निष्कर्ष कडक होता : दल कार्यक्षम नाही, लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात आणि लोकांचा विश्वास व मनापासूनचे सहकार्य मिळविण्यात ते पुरते अपयशी ठरले आहे. गावच्या राखणदाराला ठाण्याचा हलका नोकर करू नये, तो गावाच्या प्रमुखाला जबाबदार असावा, असेही कमिशनने आवर्जून सांगितले. सहकार्य हा शब्द सरकारी कागदावर तेव्हाच आला होता. शिफारशींपैकी जे वरिष्ठांच्या सोयीचे होते ते अमलात आले. विश्वासाचा भाग कागदावरच राहिला.

पुराव्याच्या कायद्यातही या अविश्वासाची खूण आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. राज्यकर्ते बदलले, कायद्यांची नावे बदलली, हा एक नियम बदलला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद संपले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. तो वंशपरंपरेने येत नाही, नेमला जातो. गावातील गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे आणि गुन्हा होऊ नये म्हणून खटपट करणे हे त्याचे काम. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे तंटे गावातच समितीपुढे मिटावेत, आणि जे गाव यात यशस्वी होईल त्याला लोकसंख्येप्रमाणे रोख पुरस्कार मिळावा, अशी योजना होती. अनेक गावांत तिने खरेच भले केले. पण पुरस्कारासाठी तंटा मिटणे आणि तंटा दाबला जाणे यांत अंतर आहे. सासरी मार खाणाऱ्या बाईची तक्रार किंवा दलितावरील अन्यायाची फिर्याद 'गावाचे नाव खराब होईल' म्हणून समितीत गुंडाळली जात असेल, तर त्याला सलोखा म्हणता येणार नाही. अशी प्रकरणे ठाण्यातच गेली पाहिजेत, मग पुरस्कार जाईल तर जावो.

हे खेड्यांचे झाले. शहरांत मात्र पाटील नाही आणि जागल्याही नाही. तेथे पोलीस आणि रहिवासी यांच्यामध्ये जी एकच संस्था आपल्या परिचयाची आहे, ती म्हणजे शांतता समिती. ही समिती बहुधा सणाच्या तोंडावर जागी होते. ठाण्यात खुर्च्या मांडल्या जातात, चहा येतो, दोन्ही समाजांची ठरावीक चार माणसे ठरावीक भाषणे करतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला ओळखत नाही. या माणसांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. त्यांतील कित्येकांनी कठीण प्रसंगी रस्त्यावर उतरून जमाव शांत केलेला आहे. परंतु वर्षातून दोनदा भेटणाऱ्यांच्या ओळखीला दंगलीच्या रात्री किती बळ असणार ?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात एका अधिकाऱ्याने शोधले. त्यासाठी आपल्याला वऱ्हाड सोडून क्षणभर ठाणे जिल्ह्यातील भिवंडीकडे वळावे लागेल. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव, दाट वस्तीचे, हिंदू-मुस्लिम मिश्र लोकसंख्येचे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे भीषण दंगल झाली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा आग लागली आणि ती मुंबई-ठाण्यापर्यंत पसरून अडीचशेच्या वर बळी गेले. अशा गावात १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले.

खोपडे यांनी आधी जुन्या दंगलींचा अभ्यास केला. त्यांना असे दिसून आले की पोलिसांचा संबंध येतो तो पुढाऱ्यांशी आणि गुंडांशी. जो साधा माणूस गावात बहुसंख्य आहे, तो कधी ठाण्याची पायरी चढत नाही. म्हणून त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. त्यांत शक्यतो दोन्ही समाजांची माणसे सारख्या संख्येने घेतली. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, माग चालविणारे कामगार, रिक्षावाले, अशी ती माणसे होती. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसाला समितीत जागा नव्हती. आणि बैठक चालविण्याची जबाबदारी त्या भागातील साध्या पोलिसावर टाकली. वाचकहो, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साहेब बदलतात, पण बीटवरचा शिपाई रोज त्याच गल्लीत उभा असतो. पूर्वी ज्याच्या हातात फक्त काठी होती, त्याच्या हाती आता बैठकीचे कामही आले, आणि लोक त्याला नावाने ओळखू लागले.

बैठकीत काय चाले ? देशाच्या ऐक्यावर व्याख्याने नव्हेत. नळावरचे भांडण, गटारीचा वाद, भाडेकरूची कटकट, पोरांची मारामारी. ज्या किरकोळ तक्रारी ठाण्यात नोंदवून बाजूला पडत, त्या येथे दोन्ही समाजांच्या देखत मिटत. यांतून एक गोष्ट आपोआप घडली. रात्री अफवा उठली तर ती खरी की खोटी, हे विचारण्यासाठी पलीकडच्या मोहल्ल्यात एक ओळखीचे दार तयार झाले.

परीक्षा लवकरच आली. ६ डिसेंबर १९९२ नंतर आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे मुंबईत ९०० माणसे मेली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती व त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. ज्या भिवंडीची ठिणगी पूर्वी मुंबईपर्यंत जाई, ती भिवंडी या वेळी मुंबई जळत असता शांत राहिली. १९९४ मध्ये मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींनी तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या सहकार्याने मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी त्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या.

ही कथा येथेच थांबविली तर ती अपुरी राहील. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. ज्या गावात पोलीस आणि लोक एका सतरंजीवर बसत होते, तेथे अठरा वर्षांच्या आत पोलीस ठाण्याची इमारतच भांडणाचे कारण झाली. समितीचे काम विहिरीसारखे असते. उपसा बंद झाला की पाणी कुजते. मधल्या काळात बैठका तुरळक झाल्या, जुनी माणसे गेली, नव्यांशी कोणी ओळख केली नाही. मेलेले दोन तरुण आणि मेलेले दोन शिपाई, चौघांच्याही घरी आया होत्या.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. अमरावतीत १२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चाच्या वेळी दुकानांवर दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याविरुद्ध पुकारलेल्या बंदमध्ये दुकाने फुटली, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडले. १७ एप्रिल २०२२ रोजी अचलपूरच्या दुल्हा गेटवरील झेंड्यावरून दोन गट भिडले. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल झाली व एका माणसाचा जीव गेला. अमरावतीच्या पहिल्या दिवसाचा दगड आपल्यातल्या कोणाच्या हातात होता आणि दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्या कोणाच्या, हे झाकून ठेवून इतिहास लिहिता येत नाही. या प्रत्येक ठिकाणी शांतता समिती अस्तित्वात होती, हेही लक्षात घ्यावे.

अकोल्याच्या त्या दंगलीतून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सतरा वर्षांच्या एका मुलाचे म्हणणे असे की त्याने एका माणसावर झालेला प्राणघातक हल्ला डोळ्यांनी पाहिला, त्याच्यावरही हल्ला झाला, तो इस्पितळात होता, तरी त्याची फिर्याद नोंदविली गेली नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची याचिका फेटाळली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपासातील कुचराईबद्दल ताशेरे ओढले, गणवेश अंगावर चढविला की धर्म, जात यांचे पूर्वग्रह उतरवून ठेवले पाहिजेत या अर्थाचे निरीक्षण नोंदविले आणि हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे अधिकारी असलेले विशेष तपास पथक नेमण्यास सांगितले. राज्य सरकारने पुनर्विचाराची मागणी केली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तपास पथक धर्म पाहून नेमावे काय, हा प्रश्न सोपा नाही व दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण मूळ प्रश्न त्याहून साधा आहे. जखमी मुलाची फिर्याद पहिल्याच दिवशी नोंदली गेली असती, तर पथकाचा प्रश्न उद्भवला असता काय ?

सहकार्य ही एकतर्फी वस्तू नाही, हे यावरून दिसेल. मोहल्ल्याने माहिती द्यावी अशी अपेक्षा असेल तर ठाण्याने फिर्याद घेतली पाहिजे. आणि ठाण्याने निःपक्ष असावे अशी अपेक्षा असेल तर आपल्या गल्लीतला मोटारसायकल चोर किंवा नशेच्या गोळ्या विकणारा 'आपला' म्हणून झाकता येणार नाही. अशा माणसाची झळ पहिल्यांदा शेजारच्याच घराला लागते. ज्या आईचा मुलगा नशेला लागला, तिला विचारा.

फिर्यादीविषयी चार गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली, एवढ्या कारणावरून परत पाठविता येत नाही. खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे सारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. साक्षीदार म्हणून स्त्रियांना, साठ वर्षांवरील वृद्धांना व पंधरा वर्षांखालील मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसाने घरी येऊन विचारावे असा कायदा आहे. ठाण्यात जाण्याची जी भीती आपल्या घराघरांत आहे, तिचा निम्मा भाग अज्ञानाचा आहे. उरलेला निम्मा अनुभवाचा आहे, आणि तो दूर करणे पोलिसांच्या हाती आहे.

पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. दंगलीच्या दिवशी मुलगा कोठे आहे, याची चौकशी रात्री आठ वाजता नव्हे, दुपारी चार वाजता करावी. सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते आणि गुन्ह्याची नोंद तेथे आडवी येते. खटल्यात तो पुढे निर्दोष सुटतो देखील, पण तोवर वयोमर्यादा निघून गेलेली असते. मोबाइलवर आलेला चिथावणीचा मजकूर पुढे ढकलण्यास एक क्षण लागतो, कोर्टाच्या तारखांना वर्षे लागतात.

आणि ज्यांना पोलिसांबद्दल मनापासून तक्रार आहे, त्यांनी पोलिसात भरती होण्याचाही विचार करावा. २००६ च्या सच्चर समितीने पोलीस दलातील मुसलमानांच्या अल्प संख्येकडे लक्ष वेधले आणि मुस्लिम वस्तीच्या भागातील ठाण्यांत मुस्लिम अधिकारी असावेत असे सुचविले. अल्पसंख्याक तरुणांसाठी राज्य शासनाने भरतीपूर्व प्रशिक्षणाचे वर्गही चालविले आहेत. परंतु प्रशिक्षण असूनही आपली मुले मागे पडतात ती कोठे, हे पाहिले पाहिजे. शिपाई भरतीसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावयाचे, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक. यात आपली मुले सहसा कमी पडत नाहीत. लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि ती मराठीत असते. अंकगणित, सामान्यज्ञान, बुद्धिमापन आणि मराठी व्याकरण हे तिचे विषय. उर्दू माध्यमातून शिकलेला मुलगा मैदानावर पुढे असतो आणि व्याकरणाच्या पेपरात अडतो. ही अडचण धर्माची नाही, आठवी-नववीतल्या मराठीच्या तासाची आहे. तो तास आपल्या शाळांत रोज होतो की नाही, आणि मुलगा घरी येऊन त्याची वही उघडतो की नाही, हे मात्र ठाण्यात विचारून कळणार नाही.